स्वतःचे बारा लाख

बँकेतले साहेब फार गोड माणूस. म्हणाले, "साठ लाखांचा फ्लॅट ना? ८० टक्के देतो की! ४८ लाख आमचे, फक्त १२ तुमचे. स्वतःचे." त्या 'फक्त'वर मी इतका भाळलो की 'स्वतःचे' ऐकूच आलं नाही.

कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर ९० टक्के मिळतं, असं कळल्यावर दोन रविवार तसलं घर शोधलं. रावेतहून निघालो तो तळेगावही मागे टाकून वडगावला वडापाव खाऊन परतलो. तिथून ऑफिस गाठायचं तर डबा आदल्या रात्रीच भरावा लागला असता.

मग बायकोने वही काढली. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. बिल्डिंग अजून चौथ्या मजल्यावर आणि आमचा फ्लॅट नववा मजला, म्हणजे घर तूर्त हवेतच. पण त्या हवेवर जीएसटी ५ टक्के, ३ लाख. "हे आमच्यात धरत नाहीत," साहेब तितक्याच गोडव्याने म्हणाले. बाराचे साडेएकोणीस झाले. वहीच्या तळाशी बायकोने लिहिलं, 'घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ड्युटीत १ टक्का सूट', आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. साठ हजार वाचत होते. मी नाव सोडलं.

जमवाजमव सुरू झाली. पीएफ माझाच; पण तिथे वडिलांच्या नावात एक 'ए' कमी पडलाय, त्यामुळे तो पैसा सध्या दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. बाबांनी पतपेढीतली ठेव मुदतीआधी मोडली. मोडल्याचं दुःख नाही, बुडालेल्या व्याजाचं आहे. जेवताना अजून आकडा सांगतात. आईने भिशी पहिल्या नंबरला उचलली. सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या आणि वर "घालते कुठे मी आता" म्हणाल्या. हे वाक्य त्या प्रत्येक लग्नात रिकामा हात पुढे करून म्हणणार, हे मी धरून चाललोय. काकांकडे गेलो, तर १९८७ साली कोथरूडमध्ये चालून आलेला प्लॉट "तिथे कोण राहायला जातंय" म्हणून कसा सोडला, याचं चाळीस मिनिटं कीर्तन झालं. प्रसादाला चहा.

सहा महिन्यांनी रक्कम जमली. साहेबांनी खातेउतारा मागितला आणि पेन घेऊन एकेका ओळीवरून उतरू लागले.

"हे वडिलांकडून... ही आई... हे सासरहून... हा मेव्हणा का? बरं. यात तुमचे स्वतःचे कुठले?"

मी बराच वेळ शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बचत खात्याचं तिमाही व्याज, ४१२ रुपये.

साहेबांनी त्याला गोल केला.