कडक भाकरीनं दात सरकत नाहीत, काका

रविवारी दुपारी वहिनीचा फोन. "ताई, हिची तार गालात घुसलीय, रक्त थांबेना." भाचीच्या दातांना तारा लावून जेमतेम तीन आठवडे झालेत. सकाळी तिनं कडक भाकरी खाल्ली होती. आपली सोलापुरी, कटकन मोडणारी, कपाटात महिनाभर ठेवली तरी बिघडत नाही ती. दातांवर चिकटवलेले, तार धरणारे दोन ब्रॅकेट निघाले आणि तारेचं टोक मोकळं झालं. डेंटिस्टनं कडक काही खायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज होता ना!

तो तुमच्याकडेही फिरत आला असेल. अमेरिकेत म्हणे सिद्ध झालंय की स्टेम सेल, म्हणजे पुढे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, टणक जागी ठेवल्या तर त्यांचं हाड होतं. म्हणून तारा लावलेल्या मुलांना मऊभात देऊ नका, कडक भाकरी, ऊस, भाजलेले शेंगदाणे द्या. टणक फळीवर झोपवा. दुखलं तरी गोळी नको. दोन वर्षांचं काम सहा महिन्यांत. पुढच्या दातांत नुसती फट असेल तर खर्चच नको, दोन्ही दातांभोवती रबर घाला. शेवटी दुधाचे दात 'बँकेत' ठेवायचा सल्ला आणि हात जोडलेले.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. मला सगळ्यात जास्त राग पहिल्या वाक्याचा आला, कारण ते खोटं नाही.

2006 साली 'सेल' या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेनिस डिशर आणि अॅडम एंगलर यांच्या गटाचा शोधनिबंध आला. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल त्यांनी कमी-जास्त घट्ट जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे 1 किलोपास्कलच्या (घट्टपणा मोजायचं एकक) आसपास, पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटले. 8 ते 17 वर त्या स्नायूच्या वळणावर गेल्या. 25 ते 40 वर हाडाच्या. पेशी खालच्या जागेला चिकटते, आतल्या मायोसिन या ओढ लावणाऱ्या प्रथिनानं ती ओढून बघते आणि जागा किती दाद देते त्यावरून तिचा कल ठरतो. मायोसिन बंद पाडलं तर हा फरकच उरत नाही. सुंदर प्रयोग आहे, मी वर्गात दरवर्षी सांगते.

आता काकांचा 'टणक' बघा. त्या प्रयोगातलं सगळ्यात घट्ट जेलसुद्धा शाळेतल्या खोडरबरापेक्षा कितीतरी मऊ होतं! आणि घट्टपणा मोजायचा तो पेशी स्वतः ज्याला धरून बसलीय त्याचा. पाठीखालच्या फळीचा नाही, दाताखालच्या भाकरीचाही नाही. फळीचा मुद्दा इथंच संपला.

दात सरकतो तो वेगळ्याच रीतीनं. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरचा तंतूंचा पडदा असतो. तारेच्या हलक्या पण सततच्या ओढीनं एका बाजूला तो दाबला जातो, तिथलं हाड पेशी खातात. दुसऱ्या बाजूला ताणला जातो, तिथं नवं हाड भरतं. महिन्याला सुमारे 1 मिलिमीटर. घास चावताना भार येतो तो सेकंदाभराचा, तेवढ्यानं दात सरकत नाही. उलट सतत जास्त जोर लावला तर तिथल्या रक्तवाहिन्या दबतात, पेशी मरतात आणि तो मेलेला भाग साफ होईपर्यंत दात अडून बसतो. मागावर बसलेल्या कुणालाही विचारा, ताणा जास्त ओढला म्हणून चादर लवकर होते का.

पण माझी झोप उडाली ती रबरामुळे. भाचीनंच विचारलं, "आत्या, माझ्या मैत्रिणीच्या दातांत फट आहे, तिनं रबर घातलं तर?" दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं. रबर घसरत हिरडीखाली शिरतं, दिसेनासं होतं आणि वर वर सरकत तो पडदा आणि हाड दोन्ही कापत जातं. काही आठवड्यांत दात हलायला लागतात, घरच्यांना वाटतं पायरिया झाला. धडधाकट मुलांचे पुढचे दोन्ही दात असे गेलेले आहेत. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनं यावर जाहीर इशारा दिलाय. अजून ऐका. हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात उपटला तर रक्त थांबत नाही, म्हणून डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या दाताला मुद्दाम रबर घालून तो आपोआप पाडल्याच्या नोंदी आहेत. दात पाडायची युक्ती ही, आणि काका ती फट बुजवायला वाटतायत!

गोळीबद्दल मात्र नाइलाजानं अर्धा गुण देते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरात तयार होणारं रसायन अडवतात, दात सरकायला त्याचीच गरज असते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी वेग कमी झालेला दिसलाय. म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात. पण याचा अर्थ लेकरानं कळ काढत बसायचं असा होत नाही. दुखणं पहिल्या दिवसभरात सर्वांत जास्त असतं, आठवड्यात उतरतं. 2005 मध्ये एका अभ्यासात, तारा लावल्यावर रुग्णाला नुसता एक फोन केला तरी त्याचं दुखणं आणि धास्ती कमी झालेली आढळली. फोनवर काय बोललं यानं फारसा फरक पडला नाही, विचारपूस झाली एवढं पुरलं.

दाताच्या बँकेचं काय? दुधाच्या दातात स्टेम सेल असतात, हे 2003 पासून माहीत आहे. पण आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फक्त नाळेतल्या रक्ताच्या साठवणुकीला मुभा आहे, दात साठवून ठेवायच्या धंद्याला नाही. पैसे जपून ठेवा.

सोमवारी ब्रॅकेट परत बसले, गालाला टोचू नये म्हणून तारेला मेण लावलं. मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभरानं काकांचं उत्तर आलं, "मग पोरीनं भाकरी सोडायची का?" नाही काका. शेंगाच्या आमटीत चुरून, चांगली दहा मिनिटं भिजवून खायची. तुम्ही कवळी बसवल्यापासून खाताय तशीच.