रामटेकला जाताना मनसरला थांबा

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर पाय ठेवायला जागा नसते. तिथून काही किलोमीटरवर मनसरची हिडिंबा टेकडी आहे. तिथे मात्र शुकशुकाट. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

या टेकडीवर पाचव्या शतकात विटांचं मोठं शिवमंदिर होतं. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातला राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी इथे मोठं उत्खनन झालं आणि मातीखालून विटांचे थरावर थर, कोनाडे, अर्धस्तंभ, पायऱ्या बाहेर आल्या. 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरं असलेली मुद्राही मिळाली. त्यावरून हेच प्रवरेश्वराचं, म्हणजे प्रवरसेनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिवाचं देऊळ आणि इथेच प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं अनेक संशोधक मानतात. (इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं मांडलं होतं, तो वाद अभ्यासकांनी जरूर घालावा.) प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त. तिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामीचा, म्हणजे रामटेकच्या देवाचा उल्लेख आहे. मुलगा शिवभक्त. आईचा देव एका टेकडीवर, मुलाचा समोरच्या. आपण दर्शन घेतो ते एकाच टेकडीचं.

आणि हा राजा आपल्या भाषेचाही आहे. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य परंपरेने त्याच्या नावावर आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, प्राकृताचा वारसा सांगितला. त्या वारशातल्या एका कवीचं देऊळ नागपूर जिल्ह्यात उघड्यावर उभं आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

वाकाटक म्हटलं की आपल्याला अजिंठ्याची कातळात कोरलेली लेणीच आठवतात. कातळ टिकाऊ असतो, दुर्लक्ष झालं तरी तग धरतो. विटेला तशी सवलत नाही. उघड्या पडलेल्या विटकामाच्या सांध्यात पावसाचं पाणी शिरतं, गवत उगवतं, मग पिंपळाचं एखादं रोपटं मूळ धरतं आणि भिंत आतून फुटते. म्हणून एकदा निधी देऊन, फीत कापून भागत नाही. दर पावसाळ्याआधी पाण्याच्या वाटा मोकळ्या करायच्या, पावसानंतर झुडपं मुळासकट काढायची, सुटलेले सांधे चुन्याने भरायचे. कंटाळवाणं काम आहे, पण तेच लागतं. शिवाय माहिती देणारा, नीट मराठीत लिहिलेला फलक हवा.

मनसरची सुंदर शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती तिथे सुरक्षित आहे, ठीक. पण देऊळ दिल्लीला नेता येणार नाही. विदर्भातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: यंदाची सहल रामटेकला नेणार असाल तर दोन तास मनसरला द्या. मुलांना विटांवर चढू देऊ नका, आणि प्रवरसेन कोण होता ते तिथेच उभं राहून सांगा.