एका पांढऱ्या पिनेपायी

वीस तारीख, दुपारचे अडीच, अकोल्यातला मे. बाहेर ४४. कूलरसमोर बसलं तर जरा जीव राहतो, पण माझा कोपरा कूलरच्या वाऱ्याबाहेर. तीन दुकानदारांचं जीएसटीचं ३बी विवरणपत्र त्याच दिवशी भरायचं होतं, उशीर झाला की रोजचे ५० रुपये, वर व्याज. टॅलीतले हिशोबाचे आकडे जुळत आणले आणि कॉम्प्युटरची स्क्रीन काळी. ना सूचना, ना आवाज. सुरू केला. सात मिनिटांनी पुन्हा काळी. आठवड्यातली ही अकरावी वेळ. हो, मोजत होते. संतापलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं?

मशीन जुनी आहे, मान्य. २०११ सालचा आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर. पण "जुनं झालं आता" हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर म्हटलं तर मी काय करेन सांगता येत नाही. बाबांचा गुडघा दुखला तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते, वय झालं. मग दुसऱ्या गुडघ्याचं वय काय वेगळं आहे का?

दुकानात नेला. पहिल्यांदा निदान निघालं व्हायरस. फॉरमॅट, ६०० रुपये. चार दिवसांनी पुन्हा तेच, मग रॅम पुसून दिली. तिसऱ्यांदा म्हणे मदरबोर्ड गेला. "ताई, कायले जीव लावून राहिल्या याच्यात? विंडोज टेन तं बंद झालं, इलेव्हन याच्यावर चढत नाही. नवीन घेऊन टाका." टेनचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि इलेव्हन या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, हे खरंच आहे. पण दादा, त्याचा आणि मशीन दुपारी अडीचला बंद पडण्याचा संबंध काय? सकाळी सहाला हीच मशीन दोन तास मुकाट चालते. व्हायरस काय ऊन बघून येतो? तिन्ही वेळा कॅबिनेटची बाजू उघडून, टॉर्च मारून, आत डोकावावं असं त्या माणसाला एकदाही वाटलं नाही.

शेवटी प्रोसेसरचं तापमान दाखवणारं कोअर टेम्प मीच टाकलं. काहीही उघडलेलं नसताना ७८. टॅली आणि ब्राउझर उघडला की ९५, ९७, आणि वेग ३.१ गिगाहर्ट्झवरून धाडकन १.६ वर. म्हणजे महिनाभर "किती स्लो झालाय मेला" म्हणून मी ज्याला शिव्या घालत होते, तो जीव वाचवायला वेग कमी करत होता. तेवढ्यानेही भागलं नाही की जळून जाण्याआधी मशीन स्वतःच बंद पडते. ती तिचं काम चोख करत होती. बाकी आम्ही कोणीच करत नव्हतो.

कारण हिटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला धातूचा ठोकळा, आणि त्यावरचा पंखा थंडी तयार करत नाहीत हो! ते फक्त प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतात. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ६५ वर चालत असेल, तर तोच ४५ अंशांचा फरक मेमधल्या ३८ वर चढवा. ८३ झाले, तेही सगळं ठाकठीक असताना. आणि आमच्याकडे ठाकठीक काय होतं?

आधी ते कॉम्प्युटर टेबल. ज्या कोणी सीपीयू ठेवायला हा अरुंद, तिन्ही बाजूंनी बंद, वर पुढे दार असलेला खण शोधून काढला, त्याला मे महिन्यात त्याच खणात बसवावं. मागे भिंत, गरम हवा जाणार कुठे? तीच फिरून आत येते. त्यावर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. "धूळ जाऊ नये म्हणून." शेजारीच देव्हारा, रोज दोन वेळा उदबत्ती. आणि आमचा कूलर, जो ओली हवा आणि रस्त्यावरची धूळ सारख्या प्रमाणात आत ओढतो. या सगळ्याचं मिळून काय तयार होतं ते मी पाहिलं. पंख्याच्या पात्यांखाली, हिटसिंकच्या पट्ट्यांवर, घोंगडीसारखा एक थर. वरून दिसतच नाही! पंखा छान फिरताना दिसतो आणि खाली हवेला वाट नाही.

थर ब्रशने काढला. पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला, नाहीतर हवेने तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. पण तापमान उतरलं किती? चार अंश. फक्त चार!

मग नीट पाहिलं. हिटसिंक एका कोपऱ्यात उचललेला. चारपैकी एक पिन बसलेलीच नाही. दोन वर्षांपूर्वी याच दुकानाने "सर्व्हिसिंग" करून दिली होती, तेव्हापासून ती तशीच असणार.

या पिनांबद्दल मला बोलू द्या. तळहातात नीट न मावणारा धातूचा ठोकळा, ९५ वॅटचा प्रोसेसर, आणि सगळा भार प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर. पांढरी खुंटी बोर्डाच्या भोकात जाते, तिच्या मधून काळी पिन दाबली की खालचे पांढरे पाय फाकतात आणि घट्ट बसतात. बसली की "टक्" वाजतं. न बसताही वाजतं! काढायला बाणाच्या दिशेने फिरवायची, आणि तो बाण काळ्यावर काळा कोरलेला. दाबताना समोरासमोरच्या तिरप्या जोड्या घ्यायच्या, नाहीतर एक बसवली की दुसरी उठते. दाबताना मदरबोर्ड असा वाकतो की आपलाच श्वास थांबतो.

आणि ती मोडली. अर्थातच मोडली. इतकी वर्षं तापलेलं प्लास्टिक, पांढरा पाय कुरकुरीत पापडासारखा हातात आला. हिटसिंकखालची थर्मल पेस्ट तर भिंतीच्या पोपड्यासारखी सुटली. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी बुजवण्याचं, हिच्यातच भेगा. १५० ची नवीन ट्यूब आणली, तांदळाच्या दाण्याहून थोडी जास्त लावली. भाचा ती ब्रेडवर लोण्यासारखी फासायला निघाला होता, त्याला हाकलला.

आता पिन मोडली म्हणजे प्रोसेसरचा कूलर, हिटसिंक-पंख्याची जोडी, नवीन हवा. बाबा म्हणतात, "चालू तर आहे की कूलर, पाणी सकाळीच भरलं." ते निदान प्रामाणिक. दुकानात उत्तर आलं, "११५५ चा कूलर आता येत नाही, ताई." खोटं! ११५५ हा माझ्या प्रोसेसरच्या सॉकेटचा नंबर. पण ११५५ काय, ११५१ काय, १२०० काय, भोकांमधलं अंतर तेच, ७५ मिलिमीटर. समोरच्या शेल्फवर १२०० चा खोका होता. मी बोट दाखवलं तर म्हणे, "तो बसणार नाही." निघून आले. ऑनलाइन मागवलाय, गुरुवारी येणार आहे. ३बी भावाच्या लॅपटॉपवर रात्री साडेदहाला भरलं.

तोवर कॅबिनेट मी जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलंय, बाजू उघडी. उभं ठेवलं की तीन पिनांवर ठोकळा लोंबतो, आडवं केलं की स्वतःच्याच वजनाने प्रोसेसरवर दबून बसतो. टॅली चालू असताना ७१, भर दुपारी. आई दोनदा येऊन गेली. रविवारी पाहुणे यायचेत, आणि टेबलावर हे पोट फाडलेलं काय ठेवलंस, खणात घाल आणि कव्हर कुठे टाकलंस?

कव्हर मी लपवलंय.