फिनाईलचा वास आणि मावशींचा खोकला

गणपतीच्या आधीची साफसफाई. आमच्या कोपरखैरण्याच्या घराचं बाथरूम म्हणजे काडेपेटी. खिडकी डक्टमध्ये उघडते, डक्टात कबुतरं, म्हणून खिडकीला जाळी आणि जाळीला आतून प्लास्टिक. कामाच्या मावशी आत घासत होत्या. हॉलमध्ये वास नको म्हणून दार लोटून घ्या, असं मीच सांगितलेलं.

पाच मिनिटांत त्या खोकत, डोळे पुसत बाहेर. टॉयलेट क्लीनर ओतूनही पिवळा डाग जाईना, म्हणून त्यांनी वर ब्लीच ओतलं होतं. क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचशी गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मनांनी सोडला होता. नाकाघशातल्या ओलाव्यात मिसळला की तिथेच ॲसिड तयार करतो. मावशी "काही नाही हो ताई, ठसका लागला" म्हणत होत्या. संध्याकाळी छातीतून शिट्टी वाजायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं, नेब्युलायझर लावावं लागलं.

दोन्ही बाटल्यांवर 'इतर रसायनांत मिसळू नये' लिहिलेलं आहे. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. मी स्वतः तरी कधी वाचलं होतं? आणि दारावर विकायला येतं ते ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत, त्यावर तर लेबलच नाही.

एकदाच झालेली चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण मग नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास वाचला. सहा हजारांवर माणसं, वीस वर्षं. घरची साफसफाई करणाऱ्या बायकांची एका सेकंदात जोरात श्वास सोडण्याची क्षमता, साफसफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा वर्षाला ३.६ मिलिलिटर जास्त घटत गेली. पोटासाठी हेच काम करणाऱ्यांची ३.९. आकडा चिमूटभर वाटतो, पण तो दर वर्षाचा आहे. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. (मुळात फडकं हातात घेणारे पुरुष त्यात होते किती, हाही प्रश्नच.)

माझं म्हणणं एवढंच की आपण वासाला स्वच्छता समजतो. फरशीवर पाइनचा, कमोडला लिंबाचा, वर रूम फ्रेशनर. हे सगळं मिळून हवेत काय करतं ते दार बंद करून आत बसलेल्या बाईला कळतं, आपल्याला नाही. आपलं एक बाथरूम असतं. मावशींची रोज पाच.

आता आमच्याकडे एका वेळी एकच बाटली निघते. खिडकीचं प्लास्टिक काढलं, कबुतरांचं बघू. काचेवर फवारा बंद, कारण बारीक थेंब सरळ श्वासात जातात. ओल्या फडक्याने काच तशीच पुसली जाते. फरशीला साबणाचं पाणी पुरतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस दाखवणारे व्हिडिओ मात्र मला पाठवू नका. ते एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास नुसतं पाणी.

हे सगळं मावशींना कौतुकाने सांगितलं. त्या हसल्या. "तुमच्याकडे ठीक आहे ताई. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वास आला नाही तर परत पुसायला लावतात."