लक्ष्मणफळ, कीमो आणि १०,००० पटींचा हिशेब

लक्ष्मणफळाचा तो मेसेज पुन्हा फिरू लागलाय. थोडक्यात असा: लक्ष्मणफळ, म्हणजे सोरसॉप, कीमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे, ते फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, चांगल्या पेशींना धक्का लावत नाही, एका बड्या औषध कंपनीला हे कळलं होतं, पण झाडाचं पेटंट मिळेना म्हणून तिने संशोधन दाबून टाकलं, आणि फळ नैसर्गिक, कीमोसारखं 'केमिकल' नाही, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य. खाली 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' हे असतंच.

नुसती थाप असती तर सोडून दिली असती. पंचाईत अशी, की यातला सगळ्यात अचाट वाटणारा आकडा खरा आहे.

'कीमोपेक्षा १०,००० पट'

हा आकडा १९९६ साली 'जर्नल ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स'मध्ये आलेल्या शोधनिबंधातला. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी सोरसॉपमधून काही नवी संयुगं वेगळी केली. त्यातलं एक मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर ॲड्रियामायसिन या कीमोच्या औषधाच्या १०,००० पट तीव्र निघालं.

आता मेसेजने काय गाळलं ते बघा. ही संयुगं गरातून काढलेलीच नव्हती, ती बियांतली होती. म्हणजे फळ खाणारा जे थुंकून टाकतो त्यातली. तो १०,००० पटींचा आकडा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा, माणसांवरचा नव्हे. तुलना एका औषधाशी आणि एका प्रकारच्या पेशींवर. 'कीमो' नावाचं एकच औषध नसतं, डझनावारी वेगवेगळी औषधं त्यात येतात.

शिवाय १०,००० पट तीव्र म्हणजे रुग्ण १०,००० पट बरा होतो असं नाही. तेवढ्याच पेशी मारायला मात्रा तितकी कमी लागली, एवढंच. थोडक्या मात्रेत पेशी मारणारा पदार्थ औषध असू शकतो, तसं विषही असू शकतं. त्याचा निकाल शरीरातच लागतो: पोटात गेलेलं किती रक्तात उतरतं, यकृत त्यातलं किती मोडून टाकतं, गाठीपर्यंत किती पोचतं आणि वाटेत आणखी कशाकशाला इजा होते. लक्ष्मणफळ खाऊन कॅन्सरचे रुग्ण जास्त जगले, असं दाखवणारी कुठलीही नीट चाचणी नाही.

जाता जाता: मेसेज ज्याला 'केमिकल' म्हणून हिणवतो ते ॲड्रियामायसिन मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून मिळालं. तेही निसर्गातलंच!

'कंपनीने दाबून टाकलं'

दाबलेलं संशोधन जर्नलमध्ये छापून येत नाही. हे आलं आणि तिथूनच मेसेजला आकडा मिळाला.

राहिला पेटंटचा मुद्दा. अख्ख्या झाडावर सहसा पेटंट मिळत नाही, हे बरोबर. पण संयुग वेगळं काढायची पद्धत, त्यात बदल करून बनवलेला नवा रेणू, तो शरीरात पोचवायची रीत, या सगळ्यांवर मिळू शकतं. आणि झाडापासून औषध काढणं इतकं आतबट्ट्याचं असतं, तर टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध आलंच नसतं. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी शोधमोहिमेत गोळा झाली. मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी त्यातल्या संयुगाची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. ते कॅन्सरपेशींवर नेमकं काय करतं, हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. अंडाशयाच्या कॅन्सरवर वापरायला परवानगी मिळाली १९९२ मध्ये. तीस वर्षं! मध्ये अडचणींची रांगच होती. संयुग पाण्यात विरघळेना. सालीत ते इतकं कमी की एका रुग्णासाठी अनेक झाडं सोलावी लागत. शेवटी युरोपियन यूच्या पानांत त्याचा जवळचा रेणू सापडला आणि त्यापासून अर्धवट कृत्रिम रीतीने औषध बनू लागलं. ते विकणाऱ्या कंपनीने यातून अब्जावधी डॉलर कमावले.

सदाफुलीचंही तसंच. कॅनडात नोबल आणि बियर हे संशोधक मधुमेहावरचं औषध शोधत होते. पानांच्या अर्काने साखर काही हलली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध मिळालं. याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात, तेही मोजून-मापून, शिरेतून. तेच इंजेक्शन चुकून मणक्यात दिलं गेलं तर जिवावर बेततं.

'चांगल्या पेशींना धक्का नाही, साइड इफेक्ट शून्य'

त्या शोधनिबंधात संयुगाला निवडक म्हटलंय खरं, पण ती निवड वेगवेगळ्या कॅन्सरपेशींमधली होती: इतर अवयवांच्या कॅन्सरपेशींपेक्षा आतड्याच्या जास्त मेल्या. निरोगी पेशी वाचल्या, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

ही संयुगं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं काम रोखतात, म्हणजे ऊर्जेचा पुरवठाच तोडतात. चेतापेशींना ऊर्जा सतत लागते. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या रुग्णांबद्दल निबंध आला. तिथे पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसत होता आणि त्याचा संबंध सोरसॉपसारखी फळं आणि त्यांच्या पानांचा काढा घेण्याशी असावा, असा संशय त्यात मांडला होता. पुढे उंदरांना शिरेतून ॲनोनासिन हे सोरसॉपमधलं संयुग दिल्यावर मेंदूत इजा आढळली. कार्यकारणभाव अजून पक्का नाही, आणि शिरेतून देणं आणि तोंडाने खाणं यात फरक आहे, हेही सांगायला हवं. अधूनमधून एखादं फळ खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पण रोज पानांचा काढा किंवा बियांची पूड महिनोन्महिने घेणाऱ्याला 'शून्य' असं सांगणं धडधडीत खोटं आहे.

'खाऊन बघायला काय जातंय?'

हे मेसेजमध्ये नसतं, त्याखालच्या उत्तरांत असतं. मला सगळ्यात धास्ती याचीच वाटते. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कॅन्सर रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस किंवा मोठ्या आतड्याचा, शरीरात इतरत्र न पसरलेला कॅन्सर असलेल्या २८१ जणांनी नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्या तशाच रुग्णांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. पसरलेला नाही, म्हणजे ज्याच्यावर उपाय करायला वेळ हातात आहे असा कॅन्सर. उपचार चालू असताना कुणी काढा सुरू केला असेल, तर निदान कीमो देणाऱ्या डॉक्टरांना तो नावानिशी, किती घेतो यासकट सांगावा. रक्ताच्या तपासणीत काही वेगळं दिसलं तर कुठे बघायचं हे त्यांना कळेल.