कोंबडी आपली, शेड दुसऱ्याची

मांसाच्या धंद्यात सम्राट व्हायचं असेल, तर जनावरं पाळायचं खूळ आधी डोक्यातून काढा. पाळायच्या त्या कंपन्या, आणि त्याही शक्यतो आजारी बघून. अमेरिकेतल्या पिल्ग्रिम्स प्राइड या कोंबडीच्या कंपनीनं डिसेंबर २००८मध्ये दिवाळखोरीचा अर्ज टाकला. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या जेबीएस या मांस कंपनीनं ८० कोटी डॉलर मोजून तिचा ६४ टक्के हिस्सा उचलला. ठणठणीत कंपनी या भावात देतं कोण? पैसा कुठून आणायचा, असं मात्र विचारू नका. पाठीशी सरकारी विकास बँक असली की असले प्रश्न पडत नाहीत.

खा, पण प्राणी बदलून खा. जेबीएसनं २००८मध्ये स्मिथफील्ड आणि नॅशनल या दोन अमेरिकी कंपन्यांच्या बीफवर एकदमच हात मारला. पहिला घास उतरला, दुसऱ्यावर अमेरिकेचं न्याय खातं मक्तेदारीच्या भीतीनं कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २००९मध्ये तो सोडून द्यावा लागला. त्यानंतर आली कोंबडी. २०१५मध्ये अमेरिकेच्या कारगिल कंपनीचा डुकराच्या मांसाचा धंदा, १४५ कोटी डॉलरला. कुणाला ठसकाही लागला नाही.

सही करण्याआधी वह्या वाचाव्यात, हे सांगायला नको. टायसन या अमेरिकी मांस कंपनीनं २००१मध्ये आयबीपी ही दुसरी मांस कंपनी घ्यायचा करार केला आणि मग तिच्या एका पोटकंपनीच्या हिशेबातला घोळ दाखवत काढता पाय घेतला. डेलावेअरच्या न्यायालयानं कान धरून परत मांडवात आणलं: ठरलंय ना, मग घ्या!

कधी हात आखडला तर घरातलंच घरात विका. २०१७मध्ये जेबीएसच्या मालक घराण्याच्या कंपनीला लाचखोरीपायी १०.३ अब्ज रेआइसचा (ब्राझीलचं चलन) दंड मान्य करावा लागला. त्याच वर्षी जेबीएसनं आपली मॉय पार्क ही कोंबडीची कंपनी सुमारे १ अब्ज पौंडांना विकली. कुणाला? पिल्ग्रिम्सला. म्हणजे स्वतःच्याच ताब्यातल्या कंपनीला. या खिशातून त्या खिशात, पण वाटेत इतर भागधारकांचाही हातभार लागतो, ते विसरू नका.

आता खरी कला. पिल्लं तुमची, खाद्य तुमचं, औषधं तुमची. शेड, तिचं कर्ज, वीजबिल, मरतूक आणि शेवटी उरलेलं लिटर, म्हणजे विष्ठेनं भरलेलं अंथरूण, शेतकऱ्याचं. सहा-सात आठवड्यांनी पक्षी उचला, काट्यावर चढवा आणि त्याच आठवड्यात माल दिलेल्या शेतकऱ्यांची एकमेकांशी तुलना करा: पौंडभर कोंबडीमागे कुणाचा किती खर्च पडला? सरासरीपेक्षा मागे पडला त्याचे कापा, पुढे गेला त्याला द्या. तुमच्या तिजोरीतून जादा छदाम जात नाही. पिल्लं अशक्त निघाली किंवा खाद्याची गाडी उशिरा आली तरी नंबर घसरतो तो शेतकऱ्याचा. आणि त्याने तक्रार करायची कुणाकडे? पंचक्रोशीत दुसरी कंपनी असेल, तर तीही विकत घ्या.

एक अडचण आहे. २०२२मध्ये कारगिल आणि कॉन्टिनेंटल ग्रेननं ४५३ कोटी डॉलरला सँडरसन फार्म्स ही कोंबडीची कंपनी घेतली, तेव्हा न्याय खात्यानं अट घातली की मूळ दरावर बक्षीस द्या, पण दर कापायचा नाही. घाबरू नका. मूळ दर किती असावा, ते अजून तुमच्याच टेबलावर ठरतं.