सामान घरचं, गाडी भाड्याची

"घरचं सामान आहे ना बाप्पा, त्याले कायचं परमिट?" मे-जून आला की गावाकडच्या ग्रुपवर हा सवाल येतोच. गुरुजींच्या बदल्या होतात, पोरांच्या शाळेपायी कोणी दारव्ह्याहून यवतमाळला, कोणी थेट नागपूरला बिऱ्हाड हलवतं. वाटेत कुठं तरी सामानानं भरलेला मेटाडोर अडवला जातो, दंड होतो आणि दोन दिवस आरटीओचा उद्धार चालतो. तिथवर ठीक. पण शेवटी कोणी तरी जर्मनीत राहणाऱ्या आमची साक्ष काढतं : "तिकडं पाहा, भाड्यानं गाडी घेतली, सामान टाकलं, निघाले. कोणी इचारत नाही." हे खोटं आहे. आणि त्याच्या भरवशावर माणसं लेकरांना गादीच्या ढिगावर बसवून शंभर किलोमीटर नेत असतील, तर ते मुळीच चालवून घेऊ नये.

इथं कोणी विचारत नाही, कारण विचारण्याजोगं सगळं आधीच झालेलं असतं. घरासमोर गाडी लावायची तर हाल्टेफरबोटची, म्हणजे तेवढी जागा इतर गाड्यांना तात्पुरती बंद ठेवायची, परवानगी काढावी लागते. पाट्या किमान तीन पूर्ण दिवस आधी उभ्या करायच्या, आणि त्या वेळी तिथं कोणत्या गाड्या आधीच लागलेल्या आहेत त्यांचे नंबर, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. ही नोंद नसली की सामान हलवायच्या सकाळी आडवी असलेली गाडी उचलायला नेमकी अडचण येते. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टात, म्हणजे नागरिकांच्या नोंदीच्या सरकारी कार्यालयात, नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद न्यायचा. टाळाटाळ केली तर दंड १,००० युरोपर्यंत जाऊ शकतो. मोकळीक म्हणतात ती ही.

आता परमिटचं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम ६६ मध्येच, सूट लिहिलेली आहे. ज्या मालगाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोपर्यंत आहे तिला परमिट लागत नाही. छोटा हत्ती (टाटा एस) यात आरामात बसतो. जर्मनीत देशांतर्गत मालवाहतुकीच्या परवान्याची ही रेघ साडेतीन टनांवर आहे. फरक फक्त अर्ध्या टनाचा! म्हणजे ज्या मोकळिकीचे गोडवे गायले जातात ती आपल्याकडं जवळपास तेवढीच आहे. टाटा ४०७ किंवा आयशरसारखी मोठी मालगाडी घेतली की मात्र रेघ ओलांडली. राज्याच्या परमिटवर ती नागपूरपर्यंत जाईल. पांढरकवड्याहून आदिलाबादला किंवा देवरीहून राजनांदगावला न्यायची तर नॅशनल परमिट हवं, नाही तर त्या फेरीपुरतं तात्पुरतं. बारा वर्षांवरच्या दोन आसांच्या गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही, आणि गावात स्वस्तात मिळणारी गाडी बहुधा तेवढीच जुनी असते. विनापरमिट सापडल्यास कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

परमिट लागत नाही याचा अर्थ फिटनेस, विमा आणि पीयूसीही लागत नाही असा नव्हे. मालगाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावा लागतो. एका गोष्टीत मात्र मी चालकाच्या बाजूनं आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. तेवढ्यावरून कोणी अडवलं तर घाबरायचं कारण नाही.

ग्रुपवरचा दुसरा घोळ ई-वे बिलाचा, म्हणजे माल हलवताना जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, जीएसटीच्या नियमातच ती सूट आहे. म्हणजे "घरचं सामान" हा मुद्दा सामानापुरता शंभर टक्के खरा आहे. गाडीला तो लागू होत नाही. पण आलमारीसोबत दुकानातून आणलेला नवाकोरा कूलर आणि टीव्ही खोक्यासकट टाकला, तर त्याचं बिल जवळ ठेवावं. ते वापरलेलं सामान नाही.

वजनाकडं कोणी पाहतच नाही. छोट्या हत्तीची क्षमता साधारण पाऊण टन. आपल्याकडचं बिऱ्हाड म्हणजे नुसती भांडी-कपडे नव्हेत, वर्षाचं धान्य सोबत असतं. पाच क्विंटल गहू-तूर गाडीच्या डाल्यात टाकली की ५०० किलो तिथंच संपले. उरलेल्या अडीचशेत लोखंडी आलमारी, फ्रिज, दिवाण, कोठी आणि वर चार माणसं! धान्य मागं रचलं तर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग सैल पडतं, म्हणून पोती केबिनला टेकवून तळाशी, आलमारी आडवी न टाकता उभी, दार आतल्या बाजूला करून दोरानं दोन्ही कड्यांना बांधायची. पलंग फाळक्याबाहेर लोंबकळत नेऊ नये. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागं २,००० आहेत, आणि डाल्याबाहेर आलेल्या सामानालाही वेगळे २०,०००. एवढ्यात दुसरी फेरी कितीदा झाली असती, हिशेब करा.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो मागं बसलेल्या माणसांसाठी. मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगितलंय. कायद्यानं संरक्षण आहे ते मालासोबत जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला, तेही केबिनमध्ये बसलेल्याला. सामानावर बसलेली आई आणि लेकरं या हिशेबात कुठंच नाहीत. शेतीसाठी नोंदलेली ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्यानं सामान वाहू लागली, तर विमा कंपनीला हात वर करायला आणखी जागा मिळते. बायको-पोरांना एसटीनं पाठवा.

आणि तो केबिनमधला माणूस मालाचा मालक होता हे सिद्ध कशानं करणार? बिल्टीनं, म्हणजे ट्रान्सपोर्टरनं दिलेल्या मालाच्या पावतीनं. गावाकडं बिल्टी म्हणजे व्यापाऱ्याचं काम समजतात. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याखाली नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्टरला ती द्यावीच लागते. तिच्यावर मालाची किंमत लिहून घ्या. नुकसान झालं तर त्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते : ४,००० भाडं तर फार तर ४०,०००. जास्त हवं तर जादा जोखमीचा दर आधीच ठरवून भरावा लागतो. दावा करण्याआधीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे. जर्मनीत हीच मर्यादा लागणाऱ्या जागेच्या प्रत्येक घनमीटरला ६२० युरो आहे, पण उघड दिसणारी मोडतोड दुसऱ्याच दिवशी आणि आतली चौदा दिवसांत कळवावी लागते. कळवण्याच्या मुदतीत आपला कायदा कितीतरी उदार आहे. तो वापरायला कागद हवा, एवढंच.

गॅसचं सिलिंडर भरलेलं न्यायचं नाही. दुसऱ्या गावी जात असाल तर सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) आणि अनामत घ्यावी, नव्या ठिकाणी त्यावर कनेक्शन मिळतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडं आणखी एक : जुनं घर मोडून निघालेल्या सागवानी तुळया सामानात दडवून नेऊ नका. वनखात्याच्या नाक्यावर लाकडाचा वाहतूक परवाना मागतात, आणि तो नसला तर गाडीही अडकते. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा.

"नाक्यावर कागद असले तरी पैसे मागतातच, तुला तिकडं बसून काय समजतं?" असं उत्तर येईल. मागतात, मान्य. पण कागद नसलेल्याकडं नाही म्हणायची सोयच उरत नाही. राहिलं तिकडं बसून बोलण्याचं. माझं नाव इथल्या नोंदवहीत दोन आठवड्यांत चढतं आणि घर सोडलं की तितक्याच सहज उतरतं. गावात कोणी कागद विचारत नाही, "कोणाचा पोरगा होय?" एवढं विचारतात. आपल्याकडं बिल्टीवाचून सामान हललं ते याच ओळखीवर, गाडीवाला घरचा होता म्हणून. त्या ओळखीसाठी मी आजही झुरतो, आणि म्हणूनच कदाचित जास्त चिडतो. आज गाडी फोनवरून येते. चालक तिसऱ्याच तालुक्यातला असतो.

बयाना देण्याआधी गाडीचा नंबर मागून एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाका. फिटनेस आणि विम्याची मुदत फुकटात दिसते. नंबर द्यायला जो आढेवेढे घेईल त्याची गाडी घेऊ नका. आणि हे ग्रुपवर पुढं पाठवताना माझं नाव खुशाल टाका, मास्तरांच्या बदल्या तोंडावर आल्या आहेत.